तणाची वही

आबा, मी जळतोय. ह्या वयात, आणि तेही घरच्या सुनेवर. तुम्ही असता तर पटका सावरत म्हणाला असता, "लाज हाय का रं जरा?" नाही वाटत लाज. दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय.

पोरगा सैन्यात, तिकडं लांब. सून सांगलीत वाढलेली. लग्न होऊन आली तेव्हा तिला कोवळी ज्वारी आणि ऊस ह्यातला फरक कळत नव्हता. आता रोज दुपार कलली की ती आणि माझी पाच वर्षांची नात बांधावर उकिडव्या बसतात. पुढ्यात चित्रांची वही, रंगीत खडू. किडा दिसला की नात विचारते, "आई, ह्यो कोण?" आणि सून काय सांगते? "मला नाही बाई माहीत. बघूया हं." झालं! मग दोघी बघतच बसतात. मिशा कुठं वळल्यात, पानाची कुठली बाजू खातोय. नात त्याला वेडावाकडा काढते आणि ती सांगेल तसं आई खाली लिहिते, "आज हा लाजला." किडा कधी लाजतो का, आबा?

माझा जन्म गेला ह्या रानात. मला विचारा की! विचारलं होतं म्हणा नातीनं. मूठभर कुर्डूची फुलं घेऊन आली, "आज्जा, हे काय?" मी म्हणालो, "तण हाय. टाक तिकडं." दुसऱ्या दिवशी तळहातावर अळी. "आज्जा, ही?" "कीड. चिरड पायानं." पोरीनं मूठ मिटली आणि तडक आईकडं गेली. तेव्हापासून ती माझ्याकडं काही म्हणजे काही आणत नाही. मला सगळं ठाऊक आहे, पण ते असंच ठाऊक आहे: हे उपटायचं, ते मारायचं, त्याला हाकलायचं.

बाप म्हणून शिकवलंत तुम्हीच. उसात तण काढायची भांगलण चालली होती. मी नातीएवढाच असेन. सरीत केन्याचं निळं फूल दिसलं आणि मी बसलोय त्याच्यापुढं. तुम्ही मागनं आलात, वाकलात. मला वाटलं, तुम्हीपण बघताय. तुम्ही ते मुळासकट उपटलंत आणि बांधापलीकडं फेकलंत. "तणाची कवा दया करायची न्हाई. ध्यानात ठेव." ठेवलं की. पोटं भरायची होती, तेही कळतं मला. पण घटकाभर थांबला असता तर काय ऊस वाळला असता?

खरं सांगू? सुनेवर जळतो म्हणालो, ते अर्धंच. ती बिचारी माझ्या गोळ्यासुद्धा वेळेवर देते. मी जळतो त्या एवढ्याशा पोरीवर. तिच्या शेजारी बसायला कुणीतरी आहे. माझ्या शेजारी कोण बसलं होतं?

काल सुनेला ताप होता. नात वही घेऊन दारात घुटमळत होती. मी म्हटलं, "चल, मी येतो." लय नाराजीनं आली. रुईच्या पानावर एक लाल किडा, पाठीवर काळे ठिपके. ती त्याच्यापुढं उकिडवी बसली. मग हळूच, "आज्जा, ह्यो कोण?" ढालकिडा. पिकावरची मावा कीड खातो. त्याची अंडीसुद्धा मी ओळखतो. सगळं जिभेवर आलं होतं. मी म्हणालो, "म्हाईत न्हाई बाळा. बघूया की." तिनं माझ्याकडं नीट बघितलं, आणि सरकून जागा दिली. गुडघे नको नको म्हणत होते, तरी बसलो. तिनं लाल खडू माझ्या हातात दिला. "ठिपके मी काढते, तू पाठ रंगव." दिवेलागणीला घरातनं हाक आली तरी उठवेना.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून एवढं लिहून टाकतो. आज सकाळी सुनेचा ताप उतरला. मी तोंडानं म्हणालो, "बरं झालं बाई." पण आबा, मला वाईट वाटलं.