इटालियन थंड असतानाच बघावी

मी, दीपक दगडू घाडीगावकर, वय सत्तावीस, शिक्षण नववी नापास, धंदा परांची बांधणे, कायमचा पत्ता चिंचपोकळी, पुलाजवळची चाळ, दुसरा मजला, शेवटून दुसरी खोली. सध्या मुक्काम ओमान देशात सोहार बंदराजवळ, कंपनीच्या कॅम्पात. लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे, हात थरथरत नाही, आणि हे मृत्युपत्र मी कोणाच्या दबावाखाली लिहीत नाही. टोमण्याखाली म्हणाल तर लिहितोय.

टोमणा माझी थोरली बहीण श्रेया हिचा. ताई भोईवाड्याच्या कोर्टात एका वकिलांकडे टायपिंगला आहे. मी जुनी इटालियन मोटरसायकल घ्यायची ठरवली तेव्हा ती म्हणाली, "घे, पण आधी मृत्युपत्र कर." तिला वाटलं मी गप्प बसेन. मी विचारलं, कसं करतात ते सांग. तिने सांगितलं ते असं: पूर्ण नावं लिहायची. ज्याला काही मिळणार त्याची साक्ष घ्यायची नाही. खाडाखोड करायची नाही, खाडाखोड दिसली की कोर्टाला संशय येतो. आणि मनातलं लिहायचं नाही, मालमत्तेचं लिहायचं. शेवटचं मला जमलेलं नाही.

कलम १. हत्यारं. माझा परांचीचा पाना, लेव्हल आणि कमरेचा पट्टा. पाना मला इस्माईलभाई दळवी यांना द्यायचा होता, ते रत्नागिरीचे, इथे क्रेन चालवतात आणि कॅम्पात मराठी वाचणारे तेवढे एकच. पण मग साक्ष कोण देणार? ते म्हणाले, पाना राहू दे, सही घे. तेव्हा हत्यारं कंपनीत नवीन येणाऱ्या पोराला द्यावीत, मात्र एक गोष्ट सांगून द्यावीत: परांचीवर तपासणी झाल्याचा हिरवा टॅग लागला असला तरी चढण्याआधी प्रत्येक क्लॅम्प स्वतःच्या हाताने हलवून बघायचा. टॅग लावणारा खाली असतो, आपण वर असतो. माझा स्वभाव संशयी आहे असं घरात सगळे म्हणतात. त्या स्वभावावर मी अजून जिवंत आहे.

कलम २. बँकेत जे काही असेल ते आई, सौ. कमल दगडू घाडीगावकर, हिला. खोली पागडीची आणि अण्णांच्या नावावर आहे, तिच्यावर माझा हक्क नाही. खोलीत भिंतीला लावलेला मोठा आरसा आहे तोही माझा नाही. त्याचा खुलासा पुढच्या कलमात येईल.

कलम ३. मोटरसायकल. ही अजून माझी नाही. ताई म्हणते, जे आपलं नाही ते कोणाला देता येत नाही. म्हणून लिहितो, "माझी झाली तर". बोलणी झाली आहेत, पैसे दिलेले नाहीत, म्हणजे अजून मागे फिरता येतं.

इटालियनच का, हे सगळ्यांनी विचारून झालं. इथे शुक्रवारी सुट्टी. ओव्हरटाइम असला की मी टाकीच्या परांचीवर असतो, आणि खालच्या समुद्राच्या रस्त्याने मोटरसायकलवाले रांगेने जातात. त्यात एकीचा आवाज वेगळा. फटफट नाही, किंचाळणं नाही. वडीलधारा माणूस बोलायच्या आधी घसा साफ करतो तसा. नाव विचारलं, इटलीची निघाली. इंजिनाचे दोन सिलेंडर दोन्ही बाजूंना कानासारखे बाहेर आलेले. साखळी नाही, सगळं आतल्या आत फिरतं. तेव्हापासून मला दुसरं काही दिसेना.

आता आरसा. मी आईला फोनवर म्हणालो, "आई, एक जुनं इटालियन बघतोय, चालू स्थितीतलं. मिळालं तर सुट्टी टाकून येतो." आमच्या बाजूला फुटपाथवर विटेवर गिऱ्हाईक बसवून दाढी करतात त्याला गमतीने इटालियन सलून म्हणतात, कारण विटेला हिंदीत ईट. आईने तेच धरलं. दीपक परदेश सोडून सलून काढणार, ही बातमी मजल्यावर पोचली. अण्णांना, म्हणजे माझे वडील श्री. दगडू घाडीगावकर यांना, एवढा आनंद झाला की त्यांनी पुलाखालचा एक गाळा बघितला, गावी परतायला निघालेल्या एका कारागिराला मला शिकवायला थांबवून ठेवलं, आणि त्याचाच मोठा आरसा उचलून घरी आणला. एवढ्याशा खोलीत आता प्रत्येकजण स्वतःलाच धडकतो. मला हे कळेपर्यंत मजल्यावरच्या दोघांनी पहिल्या दिवशी केस कापायचा नंबरसुद्धा लावला होता.

मी खरं सांगितलं तेव्हा अण्णा आईच्या हातून फोन घेऊन एकच वाक्य बोलले. "बसाचा सोडून पळाचा घेतलंस." म्हणजे बसून करायचा धंदा सोडून पळायची वस्तू घेतलीस. पुढे आईकडून निरोप आला की ती गाडी चाळीच्या पायरीला लागणार नाही. त्यानंतर अण्णा माझ्याशी बोलले नाहीत. आरसा मात्र काढला नाही.

कलम ४. सुशांत. चाळीतला माझा लहानपणापासूनचा मित्र. माझी क्रिकेटची बॅट त्याच्याकडे आहे, ती परत मागू नये, याहून जास्त त्याला काही देऊ नये. कारण असं.

मी इथे, गाडी तिथे, म्हणून बघायचं काम सुशांतवर टाकलं. आधी मालाडच्या एका दलालाची लाल गाडी बघितली. एकच मालक, कधी पडली नाही, म्हणाला. मी सुशांतला सांगितलं, पाय ठेवायच्या दांडीचं टोक दाखव. टोक घासून चपटं झालेलं. कधी न पडलेली गाडी झोपून घासली काय? ती सोडली. मग गिरगावात खोताच्या वाडीत नील नावाच्या गृहस्थांची गाडी मिळाली. नील यांचं घर जुन्या लाकडी जिन्याचं, गाडी जिन्याखाली ताडपत्रीत. विकण्याचं कारण विचारलं तर म्हणाले, "गुडघा गेला. माझा, गाडीचा नाय." कागद त्यांच्याच नावावर, चासीचा नंबर जुळला. जागेवर रेस दिली की गाडी उजवीकडे झुकत होती. मी म्हटलं, हा दोष. नील म्हणाले, या जातीच्या सगळ्याच झुकतात, न झुकणारी दाखवली तर घेऊ नको. इथे रस्त्यावर तसल्याच गाडीवाल्या एकाला थांबवून विचारलं, ते खरं निघालं. विकणारा खरं बोलतो म्हटल्यावर मी जास्त सावध झालो.

जुनी गाडी घेताना पहिला नियम, इंजिन थंड असताना चालू करून बघायची. गरम गाडी सगळ्यांचीच चालू होते. थंड गाडी खोकते, धूर टाकते, खरं बोलते. म्हणून फसवणारे गिऱ्हाईक यायच्या आधी तापवून ठेवतात. दर शुक्रवारी सकाळी सुशांत व्हिडिओ लावायचा, बटण दाबायचा, आणि गाडी पहिल्या झटक्यात चालू. एवढे दिवस उभी असलेली गाडी, खोकली पण नाही. मी म्हणालो, चालू करण्याआधी सिलेंडरला हात लाव. त्याने लावला. "थंड आहे रे, बर्फ." आणि हात चटका बसल्यासारखा मागे घेतला. मी बघितलं. त्याला माहीत आहे की मी बघितलं. लगेच फोन आकाशाकडे केला आणि मला गिरगावातले पतंग दाखवायला लागला. पतंग एकही नव्हता.

सबब, सुशांत नील यांच्याकडून दलाली खातो असा माझा पक्का संशय आहे.

कलम ५. अण्णा. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण खाडाखोड करायची नाही म्हणून विचार करून लिहितो.

मागच्या शुक्रवारी सुशांतला ताडपत्रीची दोरी सुटेना. फोन गाठीच्या जवळ आला. लहान, चपटी गाठ, दोन्ही टोकं दाबून बसलेली. ही गाठ मी ओळखतो. अण्णा गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. मागावर सूत तुटलं की ते जोडायची ही गाठ, ती ते न बघता दोन बोटांत मारतात. आमच्या मजल्यावरच्या कपड्यांच्या सगळ्या दोऱ्या त्या गाठीवर आहेत. त्यांनी मला शिकवली, मला आली नाही. नील यांना ती येण्याचं कारण नाही.

म्हणजे अण्णा खोताच्या वाडीत जातात, माझ्या गाडीची ताडपत्री सोडतात आणि परत बांधतात. जी गाडी पायरीला लागू देणार नाही म्हणाले तिच्याशी त्यांचं काय काम? टाकीत साखर टाकली की इंजिन मरतं, हे चाळीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. एखादा नट ढिला केला तर वर बसणाऱ्याला वळणावरच कळतं. ताई हसत म्हणाली होती, मृत्युपत्र कर. मला हसू येत नाही.

तरी माझ्या मागे अण्णांना माझ्या मालमत्तेतलं काही देऊ नये. आरसा त्यांचाच आहे, तो त्यांनी बघावा.

(इथून पुढचं एका आठवड्याने लिहिलं आहे. शाई वेगळी दिसेल, माणूस तोच.)

कलम ६. वरील कलम ४ आणि ५ मी रद्द करतो. खोडत नाही. ताई म्हणाली खोडलं तर संशय येईल, आणि संशय पुरे झाला.

झालं ते असं. मी आईला फोन केला आणि सरळ विचारलं, अण्णा शुक्रवारी सकाळी कुठे जातात. आई म्हणाली, देवळात. कुठल्या? गिरगावात. मी म्हटलं, लालबाग-परळातली देवळं संपली काय?  मागून अण्णांचा खोकला ऐकू आला. मग फोन त्यांच्या हातात गेला. गाडीचं भांडण झाल्यापासून पहिल्यांदा.

ते म्हणाले, "सायब येवच्या आधी साचो तापवन ठेवचो लागता."

मला कळलं नाही. मग त्यांनी समजावून सांगितलं. गिरणीत मोठे साहेब खात्यात फिरायचे त्या दिवशी अण्णा लवकर जायचे, साचा आधी चालवून ठेवायचे, म्हणजे साहेब समोर उभे असताना तो अडकायचा नाही, आणि साचेवाल्याचं नाव जायचं नाही. मी शुक्रवारी गाडी बघतो हे त्यांना सुशांतकडून कळलं. म्हणून ते पहाटे चालत खोताच्या वाडीला जायचे, नील यांना उठवून किल्ली घ्यायचे, गाडी चालू करून तापवायचे, ताडपत्री बांधून परत यायचे. सुशांतला शपथ घातली होती.

मी विचारलं, "मी साहेब?"

"बघूक येता तो सायब."

मी चिडून सांगितलं की अण्णा, हा चोरांचा धंदा आहे, तापवलेली गाडी बघून मी ही सोडून देणार होतो.  मग म्हणाले, "म्हंजे माझ्यामुळे तू घेवचंस नाय?"  आईने फोन घेतला. ती म्हणाली, "दुकानासाठी नाय इलंस. गाडयेसाठी तरी तू येवक व्हयो म्हणान रे झिला."

कलम ७. आता खरी अडचण. दर शुक्रवारी गाडी तापवलेली असल्यामुळे ती थंड असताना कशी चालू होते हे मी एकदाही बघितलेलं नाही. नील किल्ली देऊन परत झोपतात, आणि गुडघा गेल्यापासून ते तिच्यावर बसलेले नाहीत. सुशांत नेहमी अण्णांच्या नंतर जायचा. म्हणजे थंड गाडीचं खरं आज फक्त अण्णांना माहीत आहे. मी त्यांना विचारलं, थंड असताना पहिल्या झटक्यात चालू होते काय, धूर टाकते काय, किती वेळ खोकते. ते म्हणाले, "इलंस की बघ." परत विचारलं, तेच. आईला मागे लागून विचारायला लावलं, तिलाही तेच.

हा सापळा आहे, हे मला कळतं. मी शिमग्याला रजा टाकली आहे.

त्याआधी मला काही झालं आणि गाडीचा व्यवहार पुरा झालेला असला, तर ती गाडी अण्णांना मिळावी. त्यांच्याकडे लायसन नाही, त्यांनी ती रस्त्यावर काढू नये. चाळीच्या पायरीजवळ लावावी. पायरीचा बोल त्यांचा होता, तो त्यांनीच मोडावा. दर शुक्रवारी चालू करावी, बघायला कोणी येणार नसलं तरी. सुशांतला बॅट आणि गाडी पुसायचं काम. आरशाला गिऱ्हाईक बघावं. मिळालं नाही तर तो गाडीसमोर लावावा, म्हणजे कोण कोणाला बघतंय ते दोघांना कळेल.

मी जिवंत आलो तर मात्र अट एकच. आदल्या दिवसापासून गाडीला कोणीही हात लावायचा नाही. अण्णांनी तर नाहीच. ताडपत्रीची गाठ मी सोडणार, सिलेंडरला हात मी लावणार, बटण मी दाबणार. अण्णांनी जिन्यावर बसून राहावं. खोकली तर खोकली.

कलम ८. शेवटचं. परदेशातून बातम्या चुकीच्याही येतात. नावात नाव मिसळतं, एकाचं सामान दुसऱ्याच्या घरी जातं. तेव्हा मी गेलो असा फोन आला तर कोणी लगेच विश्वास ठेवू नये, कागदावरच्या शिक्क्यावर तर अजिबात नाही. मला घरी आणल्यावर अण्णांनी स्वतः बघावं. लहानपणी माझा ताप ते बघायचे तसं, उलट्या हाताने, कपाळावर. त्यांच्या हाताला यंत्रातलं आणि माणसातलं दोन्ही कळतं. पूर्ण थंड असेन तरच हे मृत्युपत्र उघडावं. थोडी जरी ऊब लागली, तरी थांबावं.

हे सर्व मी वाचून, समजून, दोन साक्षीदारांसमोर सही केली आहे. पूर्वी कुठे काही लिहून ठेवलं असल्यास ते बाद. खाडाखोड नाही.

सही: दीपक दगडू घाडीगावकर

साक्षीदार:
१) इस्माईल हसन दळवी, क्रेन ऑपरेटर, मूळ राहणार रत्नागिरी. सगळं वाचलं. मला काही मिळणार नाही, त्यामुळे साक्ष खरी.
२) तुलसी यादव, फिटर, मूळ राहणार बलिया. मराठी वाचता येत नाही, सही करताना डोळ्यांनी बघितलं.

स्थळ: सोहार, ओमान
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार. आज व्हिडिओ नाही. अण्णांना झोपू द्या, असं सुशांतला कळवलं आहे.