न जळणारे मलम

मांडवगण फराटा, पौष, मंगळवार, रात्र

गावात पार्लर चालवणाऱ्या त्या विदुषीने आज बायकांना ‘नॅचरल’ ज्ञान पाजले: थंडीने उललेल्या त्वचेवर लिंबू चोळा, जळजळले म्हणजे गुण येतोय! सगळ्यांनी माना डोलावल्या. जळजळ म्हणजे गुण? मग मिरचीच का चोळू नये?

संध्याकाळी धाकटी जाऊ सुमन कांद्याची रोपे लावून आली. बोटे उलून रक्त येत होते. तिला बसवून मी पद्धतशीर समजावले: मधमाशीचे मेण किसून खोबरेलात घालावे, वाटी गरम पाण्यात ठेवून वितळवावे, ढवळत निववावे. ओलसर हातांवर लावले की मेण तो ओलावा उडू देत नाही. किती साधे, सुंदर शास्त्र! सांगताना मीच हरखले.

माझ्याकडचे तयार मलम लावून घेतल्यावर सुमन म्हणाली, “ताई, ह्ये तर जळतच न्हाई. मग गुण कसा यायचा? एक लिंबू द्या की.”

उभा जन्म रसायनशास्त्र शिकवले, आणि घरात हा उजेड!

“लिंबू संपले,” मी म्हणाले. ती शेजारी मागायला जाणार नाही, एवढी तरी आशा. मग बोलणे खोटे ठरू नये म्हणून टोपलीतली सगळी लिंबे चिरून, मीठ लावून बरणीत भरली. चिरताना माझीही उललेली बोटे जळजळली.

गुण येत असणार.