अक्काने सोडलेली जागा

माय, तुझ्या दरबारात एका घोर अन्यायाची फिर्याद आहे: शाल अजून टोचते. तू गेल्यानंतर, मागच्या वर्षी, धुळ्याच्या एका मंडळाने ती तुझ्या मैत्रिणीला, अक्काला, सत्कारात पांघरली आणि तिने मंचावरून उतरताच "तूच पांघर रे पंडत" म्हणत माझ्या गळ्यात टाकली. इतकी वर्षं जळगावात संस्कृत शिकवून मिळालेली ही माझी पहिली शाल.

तुम्हा दोघींची कानबाई देवीची गाणी म्हणजे पहिली ओळ तुझी, दुसरी तिची, आणि एकीची ओळ दुसरीने म्हणायची नाही. श्रावणात तू मला घेऊन एस.टी.ने धुळ्याला पोचायचीस. अक्का कणीक मळता मळताच विचारते, "काय लई उनी व यंदा?" तू यंदाची म्हणून आणलेली, एखाद्या जावयाची खोड काढणारी ओळ टाकतेस. ती हसत पिठाच्या हातानेच तुझी पाठ बडवते आणि मग तिचं उत्तर येतं. एका वर्षी माझ्या पाठांतरावरच गाणं झालं. आख्खी गल्ली ते म्हणत होती आणि मी संस्कृत शब्दांची रूपं विसरत होतो.

सत्कारात माईकसमोर अक्का आधी गप्प उभी राहिली. मग आपली ओळ म्हणाली. पुन्हा गप्प. प्रत्येक वेळी तुझ्या ओळीएवढी जागा सोडत होती. निवेदक धावला, "वयोमानामुळे अक्कांना ओळी आठवत नाहीत, तरी जोरदार टाळ्या!" सभ्य लोकांनी तुझ्याच जागेत टाळ्या वाजवल्या. पुढ्यात बसून मीही तोंड उघडलं नाही. रिक्षात अक्का चिडली होती. "टाया काब्र वाजाड्यात रे त्यास्नी? तुनी माय म्हनी राह्यन्ती ना!" तिला तू म्हणत असलेली ऐकू येत होतीस.

त्याला वर्ष झालं. गेल्या रविवारी गेलो, तर ओट्यावर बसून ती तेच गाणं म्हणत होती. सलग. कुठेही न थांबता, तुझ्या ओळींसकट. मी विचारलं, "अक्का, ही ओळ कोणाची?"

"मनीच. बठ्ठं गानं मनंच शे." सगळं गाणं तिचंच झालं होतं. मग माझ्याकडे निरखून पाहत म्हणाली, "तू कोना रे, भाऊ?"

कोणाचा म्हणून मी तुझं नाव सांगितलं. तिने मान हलवली, ओळख नसलेल्या माणसासाठी हलवतात तशी.

हे पत्र कोणाला पाठवणार? तिला गाणं सापडलं याचा आनंद मानायला हवा, पण होत नाही. माय, ती थांबायची तेव्हा तू कुठेतरी होतीस. आता तुला आठवणारा मी एकटा उरलोय, आणि तुझा आवाज कसा होता हे मला नीट आठवत नाही.