निळी फुली

रविवार, ३ नोव्हेंबर १९३५

शरणप्पाच्या फोटोतलं पाणी ओलं दिसतं.

दुपारपासून हेच डोक्यात आहे. आज मंडळाची बैठक झाली, हरिबाच्या सायकल दुकानावरच्या माडीवर. आम्ही पाच जण. पुण्याला डिसेंबरात हौशी लोकांच्या फोटोंचं प्रदर्शन आहे. विषय – पाणी. एका गावच्या मंडळाने एकच फोटो पाठवायचा. मी वयाने मोठा, बारा वर्षं कॅमेरा हातात, पाटबंधाऱ्याच्या कचेरीत नकाशे काढतो. म्हणून सगळ्यांच्या फोटोंवर अभिप्राय मीच लिहायचा, असं ठरलं.

"कुंडलिकरावांच्या फोटोवर कोण लिहिणार?" कुणीतरी माझ्याकडे बघत विचारलं.

हरिबा म्हणाला, "त्यांच्यावर काय लिहायचं? त्यांचाच जाणार की. आपण आपलं शिकायचं." सगळे हसले. मीही हसलो.

मग शरणप्पाने पिशवीतून चार फोटो काढले. मूळचा दुधनीचा, इथे मिलच्या रंगखात्यात आहे. शिकायला लागून सहा महिने झाले असतील. कॅमेरा जुना, भात्याला छत्रीच्या कापडाचं ठिगळ. त्या ठिगळातून हे असलं पाणी!

मथुरेने एकदा माझे सगळे फोटो पाहिले होते. सगळे पाण्याचे. म्हणाली, "झ्याक हायेत. पर पाणी ओलं दिसत न्हाई." दोन दिवस मी बायकोशी धड बोललो नव्हतो.

तिला जाऊन सहा आठवडे झाले.

सोमवार, ४ नोव्हेंबर

सगळ्यांचे फोटो घरी आणलेत. हरिबाचं सोपं होतं. सिद्धेश्वराचं तळं, पण काठाची रेघ तिरकी. लिहिलं – 'तळे एका बाजूला सांडते आहे. तिपाईचा डावा पाय लांब करावा.' त्याला ते आवडेल. लोकांना सांगेल.

शरणप्पाच्या एकेका फोटोला पाकीट आहे. पाकिटावर तारीख, वेळ, उजेड कसा होता, भिंगाचं भोक किती ठेवलं, सगळं टाकाने लिहिलेलं. मला असं कधी सुचलं नाही. मला वाटे, लक्षात राहील.

पहिला विहिरीचा. मोट वर येतानाचं पाणी पांढरं धूर झालंय. लिहिलं – 'झडप सावकाश पडली. वेग वाढवावा.' खरी चूक आहे, खरी सांगितली. दुसरा, तिसरा ठीक. चुका सापडल्या की बरं वाटतं. हे बरं नव्हे.

चौथ्यावर काही लिहिलं नाही. कंबर तलाव. कॅमेरा खाली झुकवलाय, त्यामुळे पलीकडचा काठ चौकटीत नाही, नुसतं पाणी आहे. सकाळचं. हात घातला तर बोटं भिजतील.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

उजाडता कंबर तलावावर गेलो, कचेरीच्या आधी. त्याने जिथून घेतला तिथूनच घेतला. उजेडही तसाच होता. चार काचेच्या प्लेटा.

संध्याकाळी औषधात घालून चित्रं उठवून पाहिली. पाणी कसलं, पत्रा. चारही वेळा पत्राच.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

मोडनिंबहून रावजीचं पत्र. मथुरेचा धाकटा भाऊ. लिहितो – 'दाजी, अक्काचा एक फोटो धाडा. तुमच्यापाशी ढीगभर असतील. आई रोज विचारते. भिंतीला लावतो.'

ढीगभर! एकही नाही. सोळा वर्षांत एक नाही. ती म्हणायची, "माझा एक काढा की." मी म्हणायचो, माणसं हलतात, प्लेट वाया जाते. पाणी हलतं त्याचं मला काही वाटत नसे.

तिचा चेहरा आठवायला बसलो की नाक आठवतं, कपाळावरचं गोंदण आठवतं. सगळं मिळून येत नाही.

पत्र कोनाड्यात ठेवलं.

शनिवार, ९ नोव्हेंबर

चौथ्या फोटोत चूक सापडली.

वरच्या डाव्या कोपऱ्यात, पाण्यात कुणा बाईचं प्रतिबिंब आहे. बाई स्वतः काठावर, चौकटीबाहेर. नुसती सावली आत आलीय, डोकं खाली, पाय वर. आडवी लाट गेल्यामुळे जरा मोडलेली. नजर सारखी तिकडे ओढते.

निळी पेन्सिल घेतली आणि त्या कोपऱ्यावर फुली मारली. मोठी. मग पाठीवर लिहिलं – 'पाण्याचा पोत साधारण बरा. कोपऱ्यातील आकृती अनावश्यक, तिने चित्राचा तोल जातो. कापूनही सुधारणार नाही. प्लेट धुवावी.'

अक्षर फार सुंदर आलं.

रविवार, १० नोव्हेंबर

आमच्या मंडळात रीत आहे. जी प्लेट ठेवण्यासारखी नाही ती ज्याची त्याने धुवायची. गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकला की चित्राचा थर सुटून येतो, खाली कोरी काच उरते. ती तसबिरीला चालते. उगाच अडगळ नको आणि मोहही नको, म्हणून ही रीत मीच घातली, आठ वर्षांपूर्वी.

शरणप्पाने पाठीवरचं दोनदा वाचलं. ओठ हलवत वाचतो. शाळेत कानडी शिकला, मराठी सावकाश वाचतो.

"काका, ती बाई हाय म्हणूनच मी हा काढला हो."

"म्हणजे?"

"नुसतं पाणी काढलं तर फोटोत पाणी दिसत न्हाई. कुणीतरी त्याच्यात वाकून बघाय पायजे. मग दिसतंय."

हरिबा म्हणाला, "घ्या. कालचा आलेला, आता कुंडलिकरावांना शिकवतोय." सगळे हसले. शरणप्पा खाली बघत राहिला.

मी म्हणालो, "विषय पाणी आहे. बाई नाही."

"व्हय काका. तुमी म्हणताय तर धुतो." फोटो परत घेत नव्हता. "हा ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच. फुली मारलेला घरात कशाला ठेवू?"

त्याने एक शब्द उलट बोलायला हवा होता. वाद घातला असता तर मी कदाचित ऐकलं असतं. कदाचित नाही.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

रावजीला अजून उत्तर नाही.

रविवार, १७ नोव्हेंबर

माझा फोटो ठरला. होटगीचा तलाव, मागच्या वर्षीचा.  हरिबाने नुसतं वहीत लिहून घेतलं.

शरणप्पाने स्वतःहून सांगितलं, "धुतली काका. काच लई नितळ निघाली. बायको म्हणली, बसवण्णाच्या तसबिरीची फुटलीय, तिला बसवू."

मला आनंद झाला. इथे तरी खोटं कशाला लिहू. काच धुतली हे ऐकून घरी येईस्तोवर पाय हलके होते. घरी आल्यावर त्याचा तो फोटो पुन्हा काढून पाहिला. फुली मारूनही पाणी ओलंच.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

आज मथुरेचं दुसरं मासिक श्राद्ध.

शेजारच्या केराबाई स्वयंपाकाला आल्या. मथुरेच्या मैत्रीण, दळण-धुणं दोघींचं बरोबर. रावजीचं पत्र मी त्यांच्या कानावर घातलं होतं. पान वाढून झालं, गुरुजी गेले, मग मी खाली सतरंजीवर पुठ्ठा कापत बसलो, पुण्याला जायच्या फोटोसाठी. आजच्या दिवशी हे करायला नको होतं. पण बसून तरी काय करू?

माप घ्यायला म्हणून शरणप्पाचा फोटो पुढे ठेवला होता. दोन्ही फोटो एकाच मापाचे. केराबाई समोर येऊन बसल्या, चहाची बशी हातात.

"अवो भावजी, मथुराचा फोटो हाय म्हणायचा तुमच्याकडं. रावजी उगंच रडतोय."

"कुठे आहे?"

"ह्यो काय. म्होरं तर ठेवलाय." बशी खाली ठेवून त्यांनी बोट टेकवलं, फुलीवर. "पदर दातात धरलाय बगा. कायम तसाच धरायची. आन् ही माझी बादली, ह्यो कान तुटका. गोधड्या धुवाय गेलतो की आमी. आन् ही निळी घाण कुणी केली वो तिच्या अंगावर?"

त्या माझ्यासमोर बसल्या होत्या. माझ्या बाजूने जी बाई उलटी, ती त्यांच्या बाजूने सुलटी. मी फोटो फिरवला.

बारा वर्षं कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर मी सगळं जग उलटंच पाहतो. घरं, झाडं, माणसं, खाली डोकं वर पाय. उलटं ओळखायची मला सवय. मला ती दिसली नाही.

नाक, गोंदण, सगळं मिळून आलं.

पाकीट शोधलं. १८ ऑगस्ट, सकाळी साडेसात. रविवार. पावसाने उघडीप दिली होती. ती गोधड्या बांधताना म्हणाली होती, "चला की तुमचं खोकं घेऊन. धुणं झाल्यावर माझा एक काढा." मी म्हणालो, आज उजेड बरा नाही.

 केराबाई भांडी घासून गेल्या.

बुधवार, २० नोव्हेंबर

कचेरीतून सरळ शरणप्पाच्या खोलीवर गेलो. तो नुकताच मिलमधून आला होता, हात कोपरापर्यंत जांभळे. त्याच्या बायकोने, चन्नम्माने, पाणी दिलं. देवळीत बसवण्णाची तसबीर, नवी काच. जवळ जाऊन पाहिली. तिरकं पाहिलं, उजेडाकडे धरून पाहिलं. कडेला कुठे थराचा तुकडा राहतो कधीकधी. याने चोख धुतली होती. मीच शिकवलंय, नखाने कडा तपासायची.

"काय बघताय काका?"

"त्या कंबर तलावावरच्या बाईला तू ओळखत होतास?"

"न्हाई हो. दोघी होत्या. दुसरी लई बडबडी." तो हसला. "मी पलीकडनं हाक मारली, बाई, जरा हलू नका. मला वाटलं आता शिव्या बसतेत. तर ती म्हणली, काढ बाबा, आमच्या घरीबी असलंच खोकं हाय. मला ठावं हाय, हलायचं न्हाई. आन् दगडासारखी हुबी ऱ्हायली बघा. लाट गेली ती पाण्याची. ती हलली न्हाई."

 चन्नम्माने आणखी पाणी आणलं.

मी सांगितलं – ती माझी मंडळी. सप्टेंबरात गेली. तिचा दुसरा फोटो नाही.

 चन्नम्मा त्याला कानडीत काही विचारत होती, त्याने हातानेच थांब म्हटलं. मग म्हणाला, "तुमाला ओळखू आली नव्हती व्हय?"

"नाही."

"मग फुली कशाला मारली काका? चांगला नव्हता म्हणून?"

खोटं बोलता आलं असतं. सवय होती.

"मला तसं पाणी जमत नाही म्हणून."

त्याने तसबिरीकडे पाहिलं, मग स्वतःच्या नखांकडे. "मी धुवायला नको होती," एवढंच म्हणाला. माझ्यावर रागावला नाही. त्याचाही मला हेवा वाटला.

शनिवार, २३ नोव्हेंबर

हरिबाला सांगितलं, माझा फोटो परत दे, शरणप्पाचा पाठव. कारण विचारलं. सांगितलं. तो चाकाला तेल घालत होता, घालतच राहिला. मग म्हणाला, "प्लेट तर धुतली म्हणताय. पाठवणार काय?"

म्हटलं, छापलेला आहे माझ्याकडे. त्याचाच फोटो घेऊन नवी प्लेट करतो. एक पुण्याला, शरणप्पाच्या नावाने. एक मोडनिंबला.

पाठीवरचं खोडून टाकलं. खाली लिहिलं – 'पाणी ओले आहे.' पहिल्यासारखं अक्षर आलं नाही.

शिळ्या पावाच्या गोळीने फुली पुसली. निळं बरंच गेलं. पेन्सिल दाबून धरली होती, तिचा वळ राहिला.

रविवार, २४ नोव्हेंबर

सकाळी फोटो भिंतीला टाचला. कॅमेरा लावला, काळं कापड डोक्यावर घेतलं. काचेवर सगळं उलटं आलं, नेहमीसारखं. तळं उलटं झालं आणि मथुरा सरळ उभी राहिली. वळासकट.

पहिली प्लेट हलली. ती नाही, मी.