बाबांच्या शेवटच्या चहाचे लॅमिंग्टन

डेस्मंड,

बाबांना पुरून आल्यावर चहासोबत तू शहरातलं महागडं खाणं मांडलंस. चॉकलेटमध्ये बुडवून खोबऱ्यात घोळवलेले माझे लॅमिंग्टन केक मात्र, "गावंढळ दिसतं, ताई," म्हणून गाडीतच ठेवायला लावलेस. बाबांबरोबर जन्मभर मेंढ्यांची लोकर कातरलेली माणसं रिकाम्या हातांनी भिंतीला टेकून उभी होती. तुला दिसली नाहीत?

मी अंगणात डबे उघडले. त्यांच्यातला म्हातारा क्लॅरी बाबांचं नाव घेऊन म्हणाला, "आता वाटतंय, बर्टकडे आलोय."

मग आई आली. बाबा गेल्यापासून तिनं धड खाल्लं नव्हतं. तिनं दोन खाल्ले. आणि तू म्हणालास, "चारचौघांत माझी शोभा केलीस."

आई म्हणते, "पत्र पाठवू नकोस. त्याचाही बाप गेलाय." म्हणून पाठवत नाही. राग मात्र तसाच आहे.

नॉरीन