कॅमेऱ्याला अंगण दिसत नाही

प्रिय नुर्झात,

फोन सदा तुझ्या लेकीच्या, बेगायिमच्या हातात, आणि तू अभ्यासाच्या टेबलावर लावलेला कॅमेरा दिवसभर लुकलुकतो. घरात मी शिंकले तरी तुला मॉस्कोत ऐकू जातं. म्हणून हे कागदावर. शेजारची चोल्पोन आज दुपारच्या विमानाने तुमच्याकडे कामाला निघाली आहे, तिच्या हाती देते. सोबत वाळवलेल्या दह्याच्या गोळ्या आहेत, माझ्या लेकाने एकट्याने फस्त करू नयेत. मेंढ्या बऱ्या आहेत. नदी यंदा लवकर गोठली.

तू लेकीवर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवतेस, हे गावाला ठाऊक आहे. शाळेत गुण पडले की तुझ्या फोनवर घंटी वाजते आणि पोर घरी पोचायच्या आत तुझा फोन येतो. पाचापैकी पाच पडले तर 'शाब्बास' म्हणून लगेच ठेवतेस, मुकादम ओरडतो म्हणून. तीन पडले की मात्र अर्धा तास बोलतेस. मला वाटायचं, कुणाचा तरी धाक हवाच, मी पडले लाड करणारी. थोरलं लेकरू आजी-आजोबांचं, म्हणून रीतीप्रमाणे तू तिला तान्हेपणीच माझ्या ओटीत घातलंस. आईच्या जागी मला ती अपा म्हणते आणि तुला नावाने हाक मारते, थोरल्या बहिणीला मारावी तशी.

पानगळीत तिला गणितात दोन पडले, नापास. तू कडाडलीस, "अजून एकदा दोन गुण आण, की सगळं सोडून विमानात बसते आणि तिथे येऊन तुझ्याकडे बघते!" मला वाटलं, आता रडणार. ती रडली नाही. पाहुण्यांची गादी काढून तिने उन्हात टाकली. मी हसले. काय कळणार मला!

मग दोनांची रांगच लागली. गणितात वर्गाच्या पुढे असलेली पोर कोरा पेपर देऊन आली. बाई म्हणाल्या, "अपा, हिला सगळं येतं, मुद्दाम करते." शेजारून तुला फोन केला, तर तू म्हणालीस, "नाटकं आहेत अपा, तुम्ही लक्ष देऊ नका." शिकवणी लावलीस. आली नाहीस. गादी अजून दाराशी घडी करून ठेवलेली आहे.

आता दोन पडायचे थांबले. शहाण्यासारखी कॅमेऱ्यासमोर बसते, तू खूश. पण तुझ्या कॅमेऱ्याला अंगण दिसत नाही, नुर्झात. काल ती मला तिथे पाण्याच्या पंपाशी सापडली, कोट काढून ठेवलेला, डोकं भिजवलेलं, केसांचा बर्फ झालेला. चुलीपाशी ओढून आणली. म्हटलं, "खुळी का तू? मरशील ना!" तर हळूच विचारते, "अपा, किती आजारी पडलं की आई येते?"

आई म्हणाली ती तुला. पहिल्यांदाच.

तिला ताप आला नाही. त्याने ती हिरमुसली. आज सकाळी भाकरी मोडता मोडता सहज विचारल्यासारखं विचारत होती, नदीचा बर्फ मधोमध कच्चा असतो का. दाराला कडी घातली आहे, तिचे बूट पेटीत कोंडलेत आणि त्या पेटीवर बसून हे लिहिते आहे. तिचे गुण बघू नकोस आता. विमानात बस.

तुझीच,
अपा