पुढच्या खोलीचं तिसरं अपील

अहो,

तुम्ही फिरायला गेलात आणि मला घरात बसवेना, म्हणून लिहून ठेवतेय. पुढच्या खोलीला दुकानाचा दर नको म्हणून केलेलं घरपट्टीचं तिसरं अपीलही गेलं. या वेळी मीच घालवलं.

पहिल्या सुनावणीत नगरपालिकेच्या साहेबांनी विचारलं, "पुढच्या खोलीतलं बाइंडिंगचं दुकान आता बंद आहे ना?" तर तुम्ही छाती काढून म्हणालात, "बंद कशाला असेल?" दुसऱ्या वेळी ते खोली बघायला आले, तर तुम्ही एप्रन चढवून खळ ढवळत बसलेले! दुकानाचा दर कायम राहिला आणि मी महिनाभर तुमच्याशी धड बोलले नाही.

आज मुद्दाम तुम्हाला न सांगता एकटी गेले. रस्ताभर घोकत होते, 'ह्यांचं काम सुटलंय, वर्षभरात एक वही शिवलेली नाही.' साहेबांनी विचारलं मात्र, आणि माझी जीभच रेटेना. "चालू आहे हो दुकान," म्हणाले, अपील मागे घेतल्याची सही केली आणि बाहेर पडले.

मग पाय घराकडे वळेनात. तशीच शाळेत शिरले आणि ग्रंथपाल बाईंकडून बांधणी सुटलेली अकरा पुस्तकं मागून आणली. टेबलावर ठेवलीत. आता पुठ्ठा आणि कापड आणायला जातेय. जेवण झाकून ठेवलंय, वेळेवर जेवा.

तुमचे हात थरथरतात हे मला कळत नाही, असं समजू नका. टाके मी घालीन. कुठे घालायचे ते तुम्ही सांगा.